७२८ मुके खांब

भाऊबीजेच्या दिवशी, ३ नोव्हेंबर २०२४ ला, धाकट्या बहिणीचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. डॉक्टरांनी २० फेब्रुवारी तारीख दिली होती आणि बाळंतपण तिकडेच व्हायचं होतं. बाकी बाळंतविडा नाही आला तरी चालेल, पण आईच्या हातची दुपटी हवीत, आणि त्यांना तो क्रोशाचा काठ हवाच, असं तिचं म्हणणं. आम्हा दोघींच्या दुपट्यांना तसा काठ होता. माझं दुपटं अजून आईच्या ट्रंकेत आहे. मधली साडी विरून जाळी झालीय, काठ मात्र शाबूत.

दुपटी तयारच होती. आईनं श्रावणात जुन्या सुती साड्या जोडून, धावदोरा घालून तीन दुपटी शिवून ठेवली होती. "काठ काय, दिवाळीनंतर घालू," असं म्हणून तेवढं राहिलं. दिवाळीनंतर तिच्या मोतीबिंदूची तारीख लागली. उजवा डोळा १९ नोव्हेंबरला, डावा २४ डिसेंबरला आणि नवा चष्मा त्याच्याही पुढे. म्हणजे बाळ आधी येणार की चष्मा, अशी परिस्थिती.

"मग तू घाल की," आई म्हणाली. जसं काही मी रोज घालते.

माझा आधीचा अनुभव सांगून टाकते. सातवीत कार्यानुभवाच्या तासाला क्रोशाचा रुमाल सुरू केला होता, तो आईनं पूर्ण केला. मार्क मला मिळाले. त्यानंतर तीस वर्षांत सुई हातात धरली नव्हती. तेव्हा कुणी माझ्यासारखंच कोरं असेल आणि गळ्यात असं काम पडलं असेल, तर हे वाचून निदान माझ्या चुका तरी टळतील.

९ नोव्हेंबरच्या शनिवारी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. मोह पहिल्याच दुकानात झाला. क्रोशाची तयार लेस मीटरवर मिळत होती. आंध्रातल्या नरसापूरकडच्या बायका असं काम पिढ्यानपिढ्या करतात, त्यांच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. काम सुरेख होतं. दुपट्याला लावायची म्हटली तर मशीनवर अर्ध्या तासाचा खेळ. पण "आईच्या हातचा" या शब्दातून आईचे हात आधीच वजा झाले होते, निदान घरातले तरी असावेत म्हणून लेस परत ठेवली. शिवाय शिवलेल्या लेसेची शिवण आतून बाळाला टोचू शकते, हे नंतर आईनं सांगितलं. मी ते कारण आधीच माहीत असल्यासारखी मान हलवली.

घेतलं ते असं: फोर प्लाय (चार पदरी) सुती दोऱ्याचे ५० ग्रॅमचे चार गुंडे (तीन मोतिया, एक मरून), झबल्यांसाठी २० नंबरचा बारीक क्रोशाचा दोरा, २ आणि २.५ मिलिमीटरच्या दोन सुया आणि १.२५ ची एक पोलादी. सगळं मिळून आठशेच्या आत. लोकर घेऊ नका, बाळ पुण्यात असो की बर्फात. सुती दोरा अंगाला टोचत नाही आणि गरम पाण्यात धुता येतो. ॲक्रिलिकला तर चुकून कडक इस्त्री लागली की ते कायमचं चपटं आणि चकचकीत होतं.

किती दोरा लागेल ते आधी काढता येतं, हे मला खरेदीनंतर कळलं. नक्षीचा एक घास, म्हणजे परत परत येणारा एक तुकडा, विणायचा, उसवायचा आणि दोरा फूटपट्टीवर मोजायचा. माझ्या एका कंगोऱ्याला, म्हणजे काठाच्या एका अर्धगोल पाकळीला, खालच्या ओळीसकट, ५४ सेंटिमीटर लागला. एका दुपट्याला १२० कंगोरे, म्हणजे साधारण ६५ मीटर. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २२ ग्रॅम. तीन दुपट्यांना दोन गुंडे पुरले असते.

आईनं दुसरी गोष्ट करायला लावली ती म्हणजे नमुना धुणे. दहा सेंटिमीटरची पट्टी विणून गरम पाण्यात टाकली. वाळल्यावर साडेनऊ भरली. जुन्या साड्या धुवून धुवून आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात, दोरा मात्र नवा असतो. काठ घट्ट विणला तर पहिल्याच धुण्यात तो आक्रसतो आणि दुपट्याची वाटी होते. म्हणून हात सैल ठेवायचा. मरून दोऱ्याचा तुकडा गरम पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवला, तर तासाभरात पेल्यात कोकम सरबत. मरून रद्द. तो गुंडा कुणाला हवा असेल तर सांगा.

मग शिकायची वेळ आली. व्हिडिओंवरून शिकणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. टाक्यांसाठी आई तीनच शब्द वापरते, साखळी, मुका खांब आणि खांब. मुका खांब म्हणजे सुईवर जादा दोरा न घेता घातलेला ठेंगणा टाका. खांबाला आधी सुईवर दोरा एकदा गुंडाळायचा, मग तो दुप्पट उंच होतो. आता गंमत अशी की आईच्या मुक्या खांबाला अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आईचा खांब. मी टाका शिकले एका अमेरिकन बाईकडून आणि नक्षी घेतली एका ब्रिटिश बाईची. दोन संध्याकाळी विणूनही चित्रातल्यासारखं काही दिसेना. आईला दाखवावं तर तिच्या डोळ्याला पांढरी पट्टी. तिनं नमुना हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाली, "पहिल्या ओळीत खांब कशाला घातलेस? तिथे मुके हवेत."

तिथून पुढे हीच आमची पद्धत पडली. काळा गॉगल लावून आई खुर्चीत, दर दोन-तीन तासांनी डोळ्यात थेंब, आणि तिच्या मांडीवर माझं काम.

दुपट्यावर काठ सुरू करायचा तर कापडात सुई शिरायला भोकं हवीत, आणि ती सारख्या अंतरावर हवीत. या कामात अवघड काही असेल तर एवढंच आहे. कंगोरे नंतर आपोआप येतात. मी आधी शिंप्याच्या खडूनं खुणा केल्या, त्या हाताळून हाताळून पुसल्या. पेन्सिलीच्या खुणा पुसल्याच नाहीत. शेवटी मुलाच्या दहावीच्या गणिताच्या वहीतला आलेख कागद सापडला. त्याची बोटभर रुंद पट्टी कापून काठाला टाचण्यांनी लावली आणि दर अर्ध्या सेंटिमीटरच्या रेघेवर दाभणानं भोक पाडलं, काठापासून अर्धा सेंटिमीटर आत. पट्टी काढली की स्वच्छ भोकांची रांग. कापड तीन पदरी असल्यामुळे फाटायची भीती नव्हती. एका वेळी वीतभरच पाडा, कारण जुनं मऊ कापड रात्रीतून भोकं मिटवून टाकतं.

पहिल्या ओळीला २ ची सुई. दोरा भोकातून वर ओढायचा, काठाच्या उंचीपर्यंत सैल आणायचा, मुका खांब पूर्ण करायचा, पुढच्या भोकात जायचं. मला दोन टाक्यांमध्ये कापड उघडं दिसायला लागलं. म्हणून एकेका भोकात दोन-दोन घातले. भरगच्च, छान दिसत होतं. एक बाजू संपवून दुपटं पलंगावर पसरलं तर त्या बाजूला परकराला असावी तशी झालर. टाके जास्त झाले की काठ लाटा मारतो, कमी पडले की कापड गोळा होतं. सगळी बाजू उसवली. ती तारीख मी वहीत लिहून ठेवलीय, २३ नोव्हेंबर, कारण त्या दिवशी विधानसभेचे निकाल लागत होते आणि शेजारी फटाके फुटत होते.

दुसऱ्या खेपेला एका भोकात एक. कोपऱ्यावरच्या भोकात मात्र तीन, नाहीतर कोपरा आत वळतो. चार संध्याकाळींत चारी बाजू झाल्या. मोजले, ७२८ मुके खांब. आकड्याचा इतका अभिमान मला ऑफिसात कधी वाटला नाही.

मग २.५ ची सुई घेऊन कंगोऱ्यांची ओळ. कोपऱ्यावरच्या तीनपैकी मधल्या टाक्यात सात खांब, दोन टाके सोडून एक मुका खांब, दोन सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, असं पुढे पुढे. कंगोरा ते कंगोरा सहा टाके. भोकांची रेघ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ९० सेंटिमीटर, अर्ध्या सेंटिमीटरनं १८० घरं, सहानं भागले की बरोबर ३० कंगोरे. मी बँकेत काम करते, हिशोब चोख होता.

पहिली बाजू संपता संपता दोन टाके उरले.

परत मोजले. परत दोन उरले. कंगोरे उसवून मागे गेले, कुठे चुकलं ते दिसेना. रात्री साडेअकराला आईला उठवलं नाही, पण तीच उठून आली, थेंबांचं निमित्त करून. मी सगळा हिशोब ऐकवला. ती म्हणाली, "कोपऱ्यात तीन घातलेस ना? मग दोन्ही टोकांना एकेक वाढला की." १८० नव्हे, १८२. कागदावर मांडलेल्या हिशोबात कोपरा एक होता, कापडावर तीन.

"आता सगळं उसवू?"

"उसवतेस कशाला? बाजूच्या मध्यावर दोनदा, दोनाच्या जागी तीन सोड. कुणाच्या बापाला कळणार नाही."

खरंच कळत नाही. पुढच्या दोन दुपट्यांना मी दर बाजूला दोन भोकं कमी पाडली, ७२० वर आले आणि सगळं बिनबोभाट बसलं.

एका संध्याकाळी आई पूर्ण झालेल्या बाजूवरून तर्जनी फिरवत होती. कंगोरा, खाच, कंगोरा, खाच. बोट एका लयीत चाललं होतं. अकराव्यावर थांबलं, मागे गेलं, परत आलं. "इथे चारच खांब आहेत." मी दिव्याखाली धरून पाहिलं. चारच होते. डोळे शाबूत असून मला दिसले नव्हते. पुढचे चाळीस कंगोरे झाल्यामुळे उसवायची माझी तयारी नव्हती. बारीक सुईनं त्याच टाक्यात दोरा ओवून पाचवा खांब नुसता शिवून भासवला. आईनं तिथे परत बोट नेलं, "हं," म्हणाली आणि पुढे सरकली. त्या "हं"चा अर्थ मी विचारला नाही.

तिनं एक अट मात्र कडक घातली होती, काठात जाळी नको आणि लांब साखळ्यांचे फासही नकोत. तान्ह्या बाळाची बोटं त्यात अडकतात. मणी, मोती, गोंडे तर नावच नको. दोऱ्याची टोकं नुसती गाठ मारून कापायची नाहीत. सुईत ओवून टाक्यांच्या आतून दोन इंच एका दिशेला आणि तेवढंच उलट दिशेला न्यायची. मगच कापायचं.

पहिलं दुपटं १० डिसेंबरला संपलं, दुसऱ्याला आठ दिवस लागले, तिसऱ्याला पाच. कुंचीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चेहऱ्याभोवतीच्या कडेला मुक्या खांबांच्या दोन ओळी घातल्या, दोन तासांत झाली.

झबल्यांनी पुन्हा घाम काढला. एक पांढऱ्या मलमलीचं आणि एक काळं. काळं पुढच्या संक्रांतीसाठी, बोरन्हाणाला, म्हणून वर्षाच्या बाळाच्या मापाचं. मलमलीत पोलादी सुई घुसवली की सूत ओढलं जाऊन सगळीकडे दशी निघायची. शेवटी एक युक्ती सापडली. झबल्याची कड दुमडून शिवून घ्यायची आणि तिच्यावरून शिलाई मशीन रिकामं चालवायचं, १६ नंबरची सुई, सर्वांत लांब टाका, दोरा न ओवता. सारख्या अंतरावर भोकांची ओळ पडते. माझ्याकडे मशीन नाही. कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेले आणि नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी आणायला गेले तर दोन्ही झबल्यांना पांढऱ्या दोऱ्याची सुबक शिवण घातलेली. "ताई, तुम्ही विसरला होता वाटतं, मी ओवून घेतला दोरा." ती शिवण उसवली तर खालून हवी तशी भोकं निघाली, त्यामुळे भांडायचं कारणच उरलं नाही. चाळीस रुपये दिले. एका भोकात दोन मुके खांब, २० नंबरचा दोरा, १.२५ ची सुई. फक्त खालच्या घेराला आणि बाह्यांना. गळ्याला काही नाही. काळ्यावर पांढरे कंगोरे आले तेव्हा हलव्याचे दागिने आधीच घातल्यासारखं दिसायला लागलं. पण काळ्या कापडावर रात्री काम करू नका, मांडीवर पांढरा टॉवेल पसरून दिवसाच करा, म्हणजे भोकं दिसतात.

सगळं धुवून, ओलसर असताना कंगोरे बोटांनी ओढून, उलट्या बाजूनं पातळ कापड ठेवून इस्त्री केली. संक्रांत झाली आणि मी पार्सल घेऊन पोस्टात गेले. १८ जानेवारी, शनिवार.

खोकं घरून टेप लावून नेलं होतं. परत पाठवलं. आत काय आहे ते बघतात, तेव्हा खोकं उघडं न्यायचं आणि टेप सोबत. ओळखपत्राची झेरॉक्स हवी. सीमाशुल्काचा सीएन २३ फॉर्म हवा, इंग्रजीत, एकेक वस्तू वेगळी लिहून, वजन आणि किंमत टाकून. नुसतं "गिफ्ट" किंवा "बेबी आयटम्स" चालत नाही. शिवाय प्रत्येक वस्तूचा एचएस कोड, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा सीमाशुल्काचा आकडा. तो कुठून आणायचा, हे खिडकीपलीकडच्या माणसाला सांगता येईना. मागे दहाजण उभे होते, त्याचाही इलाज नव्हता. घरी येऊन शोधला. सुती ब्लँकेटसाठी ६३०१३०, बाळाच्या सुती, न विणलेल्या म्हणजे कापड शिवून केलेल्या कपड्यांसाठी ६२०९२०. लिहून ठेवा, एक खेप वाचेल.

किंमत लिहिताना मी अडले. जुन्या साड्या, दर दुपट्याला ६५ मीटर दोरा आणि अडीच महिने यांची काय किंमत लिहायची? युरोपीय संघात घरगुती भेटवस्तूला ४५ युरोपर्यंत सूट असते, तेव्हाच्या हिशोबानं चार हजारांच्या आसपास. दोरा, कापड, शिलाई धरून प्रत्यक्ष खर्च हजारभर झाला होता, तोच लिहिला. खोटं काही नव्हतं, तरी "दुपटं, १५० रुपये" लिहिताना पेन जड झालं.

सोमवारी २० तारखेला गेले, सर्व्हर बंद होता, पाऊण तास बसले. वजन भरलं १ किलो १४० ग्रॅम. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचा खर्च आतल्या मालाच्या दुपटीहून जास्त झाला. पावती जपून ठेवली, तिच्यावरच्या नंबरनं पार्सल कुठे पोचलं ते दिसतं. मी दिवसातून सहा वेळा बघत होते, आईच्या थेंबांसारखं.

२९ जानेवारीला जर्मनीत पोचलं आणि तिथे थांबलं. बहिणीला पत्र आलं, सीमाशुल्क कार्यालयात येऊन सोडवून न्या, किमतीचा पुरावा आणा. घरी केलेल्या वस्तूचं बिल कसलं आणणार? मी दोऱ्याच्या दुकानाच्या बिलाचा फोटो आणि एक साधं पत्र ईमेलनं पाठवलं: या वस्तू घरी हातानं केल्या आहेत, बहिणीच्या बाळासाठी आहेत, विकत घेतलेल्या नाहीत. ४ फेब्रुवारीला मेहुणे गेले. त्यांनी खोकं उघडून दाखवलं, तिथल्या बाईंनी एक दुपटं उलगडलं, काठ बघितला, घडी परत होती तशी घातली. शुल्क शून्य. तुम्ही पाठवणार असाल तर बिल आणि पत्र सुरुवातीलाच खोक्यात घालून ठेवा.

बाळ १७ ला आलं, मुलगी. त्याच आठवड्यात आईला नवा चष्मा मिळाला. बहिणीनं फोटो पाठवला, पिवळ्या साडीच्या दुपट्यात गुंडाळलेली, नुसतं नाक दिसतंय. आईनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, नातीच्या नाकावरून खाली सरकवला, आणखी मोठा केला.

"हा कोपरा बघ," म्हणाली. "सहाच खांब आहेत."

मी मोजले. सहाच होते.